पहिले पिस्तूल घेण्यापूर्वी



या पानावर मी नेहमी बेणे, लागण, खोडवा, पाचट आणि हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय पाहून आपणांस वाटेल, शेतकी साहेबांना झाले तरी काय! पण गेल्या हंगामात गट ऑफिसात तिघा-चौघा सभासदांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला : "साहेब, परवान्याचं काम होत आलंय. पिस्तूल कुठलं घेऊ?" मला विचारण्याचे कारण एवढेच, की २०१४ सालापासून माझ्याकडे परवान्याचे बत्तीस बोरचे पिस्तूल आहे. हे उत्तर चहा पिता पिता देण्यासारखे नाही. शिवाय ज्यांनी विचारले त्यांच्यापेक्षा न विचारणारे जास्त असणार. म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहून देतो.

उसाची जात निवडताना आम्ही काय सांगतो? शेजाऱ्याने लावली म्हणून आपण लावू नका. आधी माती बघा, पाणी बघा, लागण आडसाली की सुरू ते बघा, मग जात ठरवा. हत्याराचेही तसेच आहे. फरक एवढाच, की जात चुकली तर एका हंगामाचे नुकसान होते आणि खोडवा मोडून दुसरी लावता येते. इथे चूक झाली तर ती दुरुस्त करायला पुढचा हंगाम येत नाही.

आधी गरज तपासा

पिस्तूल कशाला हवे, असे विचारले की तीन कारणे पुढे येतात. एक जनावर, दुसरे रानातली वस्ती, तिसरे रोकड. चौथे कारण कोणी बोलून दाखवत नाही. कमरेला पिस्तूल असले की लग्नात, बाजारात, निवडणुकीत वजन पडते. एकेक पाहू.

जनावरासाठी पिस्तूल घेऊ नका. रानडुकरांनी उसाची काय नासाडी होते हे मला सांगायला नको; पंचनाम्याला मीच येतो. पण पिस्तुलाची नळी तीन-चार इंचांची. रात्री बॅटरीच्या उजेडात पळत्या डुकरावर नेम धरणे सरावलेल्या माणसालाही जमत नाही. चुकून लागलेच तर जनावर जखमी होऊन फडात शिरते आणि सकाळी तोडणीवाल्यांच्या अंगावर येते. कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारता येत नाही. बिबट्या तर त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. उसात बिबट्याची मादी पिले घालते, हे आता जुन्नरपासून आपल्यापर्यंत सर्वांना ठाऊक झाले आहे. पिले दिसली तर फड सोडून मागे या आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. तेथे पिस्तुलाचे काम नाही.

वस्तीचे कारण खरे आहे. रानात एकटे घर, जवळचा शेजारी दोन बांध पलीकडे, आणि रात्री वीज जाते. परंतु त्यासाठी पिस्तूलच हवे असे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये स्वसंरक्षणाकरिता किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकराखणीकरिता ठासणीची बंदूक यांचा वेगळा उल्लेख आहे. बारा बोरची बंदूक ती हीच. पिस्तुलासाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. शिवाय बंदूक मोठी असते, खिशात मावत नाही, विसरून कुठे राहत नाही, आणि पोराने हळूच उचलून नेली असेही सहसा होत नाही. त्याआधी अंगणात दिवा, दाराला चांगली कडी, जागे कुत्रे, शेजारच्या वस्तीशी ठरलेली हाक आणि ११२ हा नंबर एवढे करावे. चोर बहुधा उजेडाला आणि कुत्र्यालाच भितो.

रोकडीचे कारण आता मागे पडायला हवे. ऊसबिल थेट बँकेच्या खात्यात जमा होते. टोळीच्या मुकादमाची उचलही बँकेतूनच द्यावी. कमरेला पिस्तूल आणि पिशवीत चार लाख घेऊन रात्रीचा प्रवास करण्यात काहीच शहाणपणा नाही. बँकेतून दिलेल्या पैशाचा पुरावा राहतो. उद्या टोळी आलीच नाही, तर तो कागद पिस्तुलापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

चौथ्या कारणाबद्दल एवढेच, की त्यासाठी पिस्तूल घेणारा माणूस ते चार लोकांना दाखवल्याशिवाय राहत नाही. आणि दाखवायला म्हणून बाहेर काढलेले हत्यार हेच सर्वांत धोक्याचे.

ही चाळणी लावूनही ज्यांची गरज खरी ठरते, असे सभासद आहेत. पुढचे त्यांच्यासाठी.

परवाना

आधी परवाना, मग पिस्तूल. हा क्रम कधीही उलटा करू नये. "आत्ता स्वस्तात मिळतंय, कागद नंतर करू" असे कोणी म्हणाले तर तो माणूस आपल्याला तुरुंगाची वाट दाखवतो आहे असे समजावे. गावठी कट्ट्याची तर गोष्टच नको. तो कायद्याने गुन्हा आहेच, पण त्याची नळी फुटून उडवणाऱ्याचीच बोटे जातात.

अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. जिल्ह्यात परवाना जिल्हाधिकारी देतात, पोलीस आयुक्तालय असेल तेथे आयुक्त. पोलीस ठाण्याकडून आपल्या वागणुकीचा अहवाल जातो. डॉक्टरांचे शारीरिक व मानसिक प्रकृतीचे प्रमाणपत्र लागते. २०१६ च्या नव्या शस्त्र नियमांनी हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षणही सांगितले आहे. पुष्कळजण यास एक कागद समजतात आणि ओळखीने तो मिळवायची खटपट करतात. तसे करू नका. हे प्रशिक्षण मनापासून घ्या. मी असे का म्हणतो ते पुढे सांगतो.

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा झाला आहे आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारे ठेवता येतात. वडिलांकडून आलेली जुनी बंदूकही त्यातच धरली जाते. परवान्यावर हत्याराचा प्रकार, काडतुसांची संख्या आणि परवाना कोणत्या हद्दीत चालतो हे लिहिलेले असते. ते नीट वाचा. परवाना महाराष्ट्रापुरता असेल आणि पिस्तूल घेऊन आपण निपाणीला पाहुण्यांकडे गेलात, तर दोन-चार कोसांवर गुन्हा होतो. सीमाभागातल्या सभासदांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच करावी. दुसऱ्या परवानाधारकाचे हत्यार घ्यायचे असेल, तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. बैलासारखा हातावर रुमाल टाकून हा सौदा होत नाही. खरेदीनंतर हत्याराचा नंबर परवान्यावर चढवून घ्या आणि तो नंबर आकडा न् आकडा स्वतः जुळवून पाहा.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर

कमरेला लावायची हत्यारे दोन प्रकारची. रिव्हॉल्व्हरमध्ये गोल फिरणारी चक्री असते, बहुधा सहा घरांची. दर वेळी चाप ओढला की चक्री एक घर पुढे सरकते. चक्री बाहेर काढली की सहाही घरे डोळ्यांसमोर येतात. भरलेली किती, रिकामी किती, यात लपण्यासारखे काही नाही.

पिस्तुलात गोळ्या मुठीच्या आत एका पेटीत असतात. तिला मॅगझिन म्हणतात. बत्तीस बोरच्या पिस्तुलात साधारण सात-आठ गोळ्या मावतात. वरचा लोखंडी भाग, म्हणजे स्लाइड, हाताने मागे ओढून सोडली की मॅगझिनमधली वरची गोळी नळीच्या तोंडाशी, म्हणजे चेंबरमध्ये, जाऊन बसते. चाप ओढला की ती उडते. तिच्याच धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, घोडा चढवते, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना दुसरी गोळी चेंबरमध्ये भरते. आपण पुन्हा चाप ओढेपर्यंत ती उडत नाही. म्हणून यास अर्धस्वयंचलित म्हणतात. चाप दाबून धरला की गोळ्यांचा पाऊस पाडणारी ती वेगळी, आणि ती सामान्य नागरिकाला मिळत नाहीत.

म्हणजे पिस्तूल अर्धे काम स्वतःच करते. त्याची सोय यातच आहे आणि धोकाही यातच. पहिली गोळी गेली की दुसरी तयार असते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

माझे मत विचाराल तर, ज्याला वर्षातून चार वेळा रेंजवर जाऊन सराव करायचा नाही त्याने रिव्हॉल्व्हर घ्यावे. पिस्तूल चपटे असते, अंगाशी नीट बसते, पुन्हा भरायला सोपे असते, हे सारे खरे. पण ते सरावाच्या माणसाचे हत्यार आहे. नुकताच चालवायला शिकलेला ड्रायव्हर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून घाटात पाठवत नाही, तसेच हे.

बत्तीस म्हणजे कोणते बत्तीस?

आपल्याकडे बत्तीस म्हटले की को ८६०३२ आठवतो. हत्याराच्या दुकानात बत्तीस म्हणजे ०.३२ इंच बोर. पोलीस आणि सैन्य वापरते ते ९ मिलिमीटरचे काडतूस आपल्या देशात सामान्य नागरिकाला मना आहे. सिनेमा पाहून कोणी त्याचा हट्ट धरू नये. नागरिकाच्या पिस्तुलात आपल्याकडे चालते ते मुख्यतः बत्तीस बोर, आणि नेमबाजीसाठी बावीस बोर.

येथेच नवा माणूस फसतो. बत्तीस बोरची काडतुसे दोन वेगवेगळी आहेत, एक पिस्तुलाचे आणि एक रिव्हॉल्व्हरचे. पिस्तुलाचे काडतूस जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने केले आणि १८९९ साली बेल्जियमच्या एका पिस्तुलाबरोबर ते बाजारात आले. यालाच ७.६५ मिलिमीटर असेही म्हणतात. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी रुंद कडा असते आणि ते लांबीला जास्त असते. एकाचे काडतूस दुसऱ्यात घालायचे नाही. परवान्यावरही हत्यार पिस्तूल लिहिले आहे की रिव्हॉल्व्हर, ते पाहूनच काडतुसे घ्या आणि डबीवरची अक्षरे वाचून घ्या. "बत्तीसची द्या" एवढे म्हणून भागत नाही.

देशात ही हत्यारे मुख्यतः सरकारी आयुध कारखान्यांत होत आली. १ ऑक्टोबर २०२१ पासून त्या कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या आणि लहान हत्यारांचे काम कानपूरला मुख्यालय असलेल्या कंपनीकडे गेले. कानपूरची बत्तीस बोरची रिव्हॉल्व्हर आणि पश्चिम बंगालमधल्या कारखान्याचे 'अशनी' पिस्तूल आपल्या भागात पुष्कळांकडे आहे. अलीकडे खासगी कारखान्यांचा मालही येऊ लागला आहे.

काहींचा ओढा जुन्या परदेशी पिस्तुलाकडे असतो. परदेशी हत्यारांची व्यापारी आयात १९८० च्या दशकात बंद झाली. तेव्हापासून जुन्या वाल्थर, ब्राउनिंग, कोल्टला सोन्याचा भाव आला. माल चांगला असतो, यात शंका नाही. पण पन्नास-साठ वर्षांची स्प्रिंग, झिजलेला खटका आणि न मिळणारे सुटे भाग, हेही त्याबरोबर घरी येतात. गावच्या लेथवर बनवलेला भाग पिस्तुलात घालायचा नसतो. पहिले पिस्तूल नवे, देशी आणि दुरुस्तीची सोय असलेले घ्यावे.

दुकानात काय पाहाल?

प्रथम विक्रेत्याला आपल्यासमोर पिस्तूल रिकामे करून दाखवायला सांगा. मग पुढील गोष्टी तपासा :

१. मूठ हातात भरली पाहिजे. चापावर बोटाचे पहिले पेर सहज पोचले पाहिजे. बोट ताणावे लागत असेल तर ते पिस्तूल आपले नव्हे.

२. स्लाइड स्वतः मागे ओढून पाहा. लहान पिस्तुलांची स्प्रिंग कडक असते. आपल्यातल्या कित्येकांच्या बोटांत संधिवात आहे. ज्याला स्लाइड पूर्ण मागे ओढता येत नाही त्याला पिस्तूल रिकामे करता येत नाही, आणि ज्याला रिकामे करता येत नाही त्याने ते ठेवू नये.

३. सेफ्टीचा खटका स्पष्ट लागतो का, ढिला आहे का, ते पाहा. पण त्यावर विसंबू नका. खटका यंत्र आहे, आणि यंत्र कधीतरी दगा देते.

४. मॅगझिन गच्च बसावे आणि बटण दाबताच सुटावे. जादा मॅगझिन मिळते का ते विचारा.

५. जुने घेत असाल तर उजेडाकडे धरून नळी आतून पाहा. आतले पीळ स्वच्छ दिसले पाहिजेत. गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्या. नळी व स्लाइड यांवर परीक्षणाची खूण आणि नंबर खाडाखोड नसलेले हवेत.

६. दिसायला चकचकीत, चांदीचा मुलामा, नक्षीची मूठ, याला पैसे घालू नका. तेच पैसे कुलपाच्या लोखंडी पेटीत आणि सरावाच्या काडतुसांत घाला.

ज्वारीचे पोते

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगायला मला संकोच वाटतो, पण ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होत नाही.

आमचे घर रानात आहे. २०१३ साली पलीकडच्या वस्तीवर दरोडा पडला, आणि पुढच्या वर्षी मी पिस्तूल घेतले. तेव्हा प्रशिक्षण सक्तीचे नव्हते. विक्रेत्याने दहा मिनिटे समजावून सांगितले तेवढेच माझे शिक्षण. २०१६ च्या कार्तिकातली गोष्ट. गळीत हंगाम नुकता सुरू झाला होता. दिवसभर तोडणीचे प्रोग्राम लावून मी रात्री दमून घरी आलो. सोप्यात बसून पिस्तूल पुसायला काढले. रिकामे करायचे म्हणून स्लाइड मागे ओढली. चेंबरमधली गोळी उडून सतरंजीवर पडली. ती उचलून ठेवली. मग मॅगझिन काढले. गोळी बाहेर आलेली मी डोळ्यांनी पाहिली होती, मॅगझिनही हातात होते. झाले रिकामे! घोडा उतरावा म्हणून भिंतीकडे धरून चाप ओढला.

आवाज झाला तेव्हा मला काही कळलेच नाही. भिंतीशी ज्वारीची पोती रचलेली होती. वरच्या पोत्याला भोक पडून ज्वारीची बारीक धार जमिनीवर सांडत होती. पोत्यांमागे कुडाची भिंत, आणि भिंतीपलीकडे माजघरात माझी थोरली मुलगी अभ्यासाला बसलेली. गोळी दुसऱ्या पोत्यात अडकली. आई बाहेर आली, तिने पोत्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि एवढेच म्हणाली, "ज्वारी होती म्हणून." पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

चूक काय झाली? मी क्रम उलटा केला. आधी स्लाइड ओढली तेव्हा पहिली गोळी बाहेर आली खरी, पण मॅगझिन आतच असल्याने स्लाइडने पुढे येताना दुसरी गोळी चेंबरमध्ये भरली. पिस्तुलाने आपले काम चोख केले. मग मी मॅगझिन काढले, पण भरलेली गोळी आतच राहिली. बाहेर पडलेल्या गोळीने माझी खात्री पटवली, आणि त्या खात्रीनेच घात केला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन घडले ते लिहून दिले. त्याच महिन्यात जिल्ह्याच्या रेंजवर जाऊन रीतसर शिकलो. जे आधी करायचे ते दोन वर्षे उशिरा केले.

तेव्हा रिकामे करण्याचा क्रम पाठ करा. आधी नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर. मग मॅगझिन काढा. त्यानंतर स्लाइड मागे ओढा, तीही दोन-तीन वेळा. मग स्लाइड मागेच धरून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालून चाचपा. आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग डोळा, मग बोट. काडतुसे बाजूच्या खोलीत ठेवा आणि मगच पुसायला बसा. दमलेल्या अंगाने, घाईत, किंवा कोणाशी बोलत बोलत हे काम कधी करू नका.

हातात घेतल्यावर

जगभर कोणत्याही रेंजवर हेच चार नियम सांगतात. आपल्या भाषेत ते असे :

एक. प्रत्येक हत्यार भरलेलेच आहे असे धरून चाला. आत्ताच रिकामे करून ठेवले असेल तरीही.

दोन. ज्याला इजा व्हावी असे वाटत नाही, त्याच्याकडे नळी वळवू नका. थट्टेतही नाही.

तीन. नेम धरून उडवायचे ठरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, सरळ ठेवा.

चार. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, दोन्ही पाहा. आपल्यासाठी हा नियम सर्वांत मोठा. उसाच्या फडामुळे पलीकडचे दिसत नाही, पण गोळी काही उसाने थांबत नाही. बत्तीस बोरची गोळी साडेचार ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास. ती पाचट फाडत शेकडो मीटर जाते. हंगामात आपल्या फडापलीकडे तोडणी टोळीच्या कोप्या असतात, झोळीत लेकरे निजलेली असतात. रात्री उसात सळसळ झाली म्हणून हवेत किंवा उसात बार काढणे हे राखण नव्हे.

घरात ठेवताना

पिस्तूल भिंतीत रोवलेल्या लोखंडी पेटीत ठेवा, काडतुसे वेगळ्या कुलपात. किल्ली आपल्या जवळ. उशीखाली, धान्याच्या कणगीत, गाडीच्या डिकीत ठेवणारे सभासद मला माहीत आहेत. पोरांना घरातली प्रत्येक जागा ठाऊक असते. लपवणे म्हणजे बंदोबस्त नव्हे.

परवाना ज्याच्या नावावर, हत्यार त्याच्याच हाती. भाच्याला फोटो काढायला, मित्राला एक बार काढायला, गड्याला रात्री राखणीला, कोणालाही देऊ नका. दारू घेतली की त्या दिवशी पेटी उघडायची नाही. वरातीत, जत्रेत, निवडून आल्यावर हवेत गोळीबार करणे हा २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा झाला आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि ती मांडवात कोणाच्या डोक्यावर येईल ते सांगता येत नाही. निवडणुकीच्या काळात किंवा मनाई आदेश असताना हत्यार जमा करण्याची अगर बाहेर न नेण्याची सूचना आली तर ती निमूट पाळावी. त्यात कमीपणा मानू नये.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. कर्ज, पीक बुडणे, आजारपण, घरातली भांडणे, यांनी माणूस कधी कधी आतून खचतो. आपल्या घरात तसे कोणी असेल, किंवा आपलेच मन ठिकाणावर नसेल, तर पिस्तूल घरात ठेवू नका. परवानाधारक विक्रेत्याकडे ते सुरक्षित ठेवायला देता येते. पोलीस ठाण्याशीही बोलता येते. वाईट रात्र सरते आणि सकाळी माणूस सावरतो. त्या रात्री हाताशी हत्यार नसणे, एवढ्यानेही जीव वाचतो. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, तो भिंतीवर लिहून ठेवा. आणि आम्हा गटाच्या माणसांशी बोला. आम्ही फक्त उसाच्या नोंदीच घ्यायला येत नाही.

निगा आणि कागद

पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा लोखंडाला खाते. महिन्यातून एकदा पिस्तूल रिकामे करून पुसा, नळीत ब्रश फिरवा, तेलाचा हलका हात द्या. तेल चोपडून ठेवू नका. त्याला धूळ धरते आणि स्लाइड अडते. चामड्याच्या पाकिटात कायमचे ठेवू नका, चामडे ओल धरते. काडतुसे कोरड्या डबीत ठेवा. हिरवट डाग पडलेली किंवा चेपलेली काडतुसे वापरू नका, विक्रेत्याला दाखवा. झाडलेल्या प्रत्येक काडतुसाची तारखेसह नोंद ठेवा आणि पुंगळ्या जपून ठेवा. सराव रेंजवरच करावा, बांधावर डबे मांडून नव्हे.

परवान्याची मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या. सोसायटीच्या कर्जाची तारीख विसरली तर व्याज लागते. ही विसरली तर गुन्हा लागतो. घरच्या मंडळींना एक गोष्ट आजच सांगून ठेवा : परवानाधारकाचे बरेवाईट झाले तर वारसांनी हत्यार घरात न ठेवता ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वारसाला पुढे परवान्यासाठी अर्ज करता येतो. दुःखात हे कोणाला सुचत नाही, म्हणून आधी सांगायचे.

तर, "पिस्तूल कुठलं घेऊ?" या प्रश्नाचे माझे उत्तर असे. आधी गरज पुन्हा एकदा तपासा. वस्तीच्या राखणीला बहुतेकांना बंदूक पुरे, आणि पुष्कळांना तीही नको. सराव होणार नसेल तर रिव्हॉल्व्हर. सराव करणार असाल तर नवे, देशी, बत्तीस बोरचे, हाताला बसणारे साधे पिस्तूल. आणि घेण्याच्या आधी रेंजवर शिक्षण, घेतल्यानंतर नव्हे.

ज्वारीचे ते भोक पडलेले पोते मी टाकलेले नाही. पिस्तुलाच्या पेटीवर घडी करून ठेवले आहे. पेटी उघडायची तर आधी ते बाजूला करावे लागते.

पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडव्यातील पाचट व्यवस्थापन.

आपला,
ऊस विकास अधिकारी